दाढी गेली, अन् त्यावरून आठवलेलं

शिवजयंतीपासून जपलेली दाढी परवा साईटच्या बाथरूममध्ये साफ केली. व्हिडिओ कॉलवर आईचं पहिलं वाक्य, "कोण गेलं रे?"

कोणी नाही गेलं. मास्कची टेस्ट होती. इथं बर्मिंगहॅमला काँक्रीट कापायलेत तिथं उभं राहायचं तर बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क लागतो, अन् नुसता मास्क देऊन भागत नाही, डोक्यावर पिशवीसारखं हूड घालून आत कडूजहर काहीतरी फवारतात, मग मान हलव, वाक, मोठ्यानं वाच, तोंड कडू झालं की नापास. मला तर फवाऱ्यापर्यंत पण जाऊ दिलं नाही. दाढीवर मास्कची कड बसत नाही म्हणे, दोन दिवसांचे खुंट पण चालत नाहीत.

लई राग आला. कारण शेजारच्या सरदारजींना हवा फुंकणारं वेगळं हूड दिलेलं. मी मागितलं तर सुपरवायझर विचारतो, धर्माची का हौसेची? आता ह्याला काय सांगावं! सरदारजींना मात्र नांदेडचा म्हणालो तर हातच जोडले, "हजूर साहिब!", अन् दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळा पराठ्याचा डबा.

खरी गंमत म्हणजे इथं मास्क शेवटी येतो. आधी विचारतात कापायचंच कशाला, मापाचंच मागवता येईना का. कापायचंच तर कटरवर पाणी. एवढं करून धूळ उरली तर मास्क. काँक्रीट-दगडात असते ती सिलिका, तिची जी धूळ दिसते ती नाकात अडकते, दिसत नाही ती फुफ्फुसात जाऊन बसते अन् परत निघत नाही. दिवसभराच्या सरासरीत घनमीटर हवेला ०.१ मिलिग्रॅम, त्याच्या वर नको.

आपल्याकडं मी तीन वर्षं साईट सांभाळली. ओट्याचा ग्रॅनाईट कापताना मिस्त्री पांढराफटक व्हायचा, तोंडाला रुमाल, अन् मी लांबून हिशोब लिहायलो. कायदा आपल्याकडं पण होता की, बांधकाम कामगारांसाठीचा, १९९६ चा. पण उन्हाळ्यात क्युरिंगलाच, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवायलाच, टँकर विकत आणायलो, कटरवर कुठून ओतणार? हेच मी इथल्या पोरांना ऐटीत सांगितलं. तर एकानं विचारलं, किती लागतं माहितीये का? मिनिटाला अर्धा लिटर. म्हणजे वीस मिनिटं कापलं तर दहा लिटर. एक बादली पण नाही.

गप्प बसलो. तसं बघितलं तर आपल्या कटरची वायर तीन जागी टेप लावलेली, त्यावर पाणी म्हणजे शॉकच, ते पण खरंय. अन् फुटावर पैसे घेणारा माणूस थांबणार कशाला. इथं तरी काय, तपासणीला येणारा काम बंद करू शकतो म्हणून सगळे शहाणे.

घरी सध्या ओट्याचं काम चालू आहे. रात्री मिस्त्रीला फोन केला, म्हणलं मामा, आधी वायर बदला, पैसे मी देतो, अन् बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पोराला पाण्याची धार धरायला लावा.

"पोरगं शाळेत जायलंय. तुमीच या की धरायला."