लाल मोजे

वाळत घातलेल्या कपड्यांत एखादा मोजा असा असतो की तो धुतलाय की नाही हे लांबून कळत नाही. वरून पांढरा, तळव्याला विटकरी, टाचेला तर गेरूच. असा मोजा दोरीवर दिसला की हे लोक कुठे जाऊन आले ते विचारावं लागत नाही. माथेरान.

हा रंग ब्लीचने जात नाही. उलट आणखी पक्का होतो, कारण तो लोखंडाच्या गंजाचा आहे. घरी आल्याआल्या मोजे बादलीत बुडवणं ही दुसरी चूक. ओली माती धाग्यात आणखी खोल शिरते. आधी ते कडकडीत वाळू द्यावेत, खालच्या मजल्यावर कुणाचं वाळवण नाही हे बघून गॅलरीत झटकावेत, मग गार पाणी आणि साबण, आणि उरलेल्या डागांवर लिंबू-मीठ चोळून ऊन. तरी गुलाबी झाक राहतेच. सहलीनंतरचा पीटीचा तास आठवून बघा. पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांवर घाईघाईने घासलेला खडू, आणि रांगेत उभं राहून सर पुढे येईपर्यंत त्या खडूतून वर आलेला तांबूसपणा. खडू हरतो. जांभ्याची माती कधीच हरत नाही.

खरं तर माथेरानच्या शार्लोट लेक या तलावापर्यंतची चाल अगदीच साधी. अट्टल ट्रेकर तिला ट्रेक म्हणत नाहीत आणि ते बरोबरच आहे. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. तिथून बाजारपेठ पाऊण तास, आणि बाजारपेठेतून तलाव रमतगमत आणखी अर्धा-पाऊण तास. पहिल्या टप्प्यात नेरळहून १९०७ साली वर आलेल्या झुकझुक गाडीच्या रुळांच्या कडेने चालावं. इंजिनाला झेपेल एवढाच चढ ठेवलेला असल्यामुळे आजीच्या गुडघ्यांनाही तो झेपतो. फक्त शिट्टी ऐकू आली की दरीच्या अंगाला नाही, डोंगराच्या अंगाला सरकायचं. घोडा आला तरी हाच नियम. घाबरलेला घोडा आडवा झाला तर मागे भिंत असलेली बरी.

साध्या वाटेवरच माणसं पडतात. अवघड चढावर प्रत्येक जण पाय बघून टाकतो, इथे मात्र गप्पा रंगलेल्या असतात. कडक झालेल्या जांभ्यावर हरभऱ्याएवढे गोल खडे पसरलेले असतात, आणि उतारावर टाच आधी टेकली की ते गोट्यांसारखे पायाखालून निघून जातात. म्हणून उतरताना पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले आणि पूर्ण तळवा एकदम खाली. झिजलेल्या सोलचे आवडते बूट घरीच ठेवावेत. पावसाळ्यात खडे वाहून जातात आणि त्यांच्या जागी शेवाळ येतं. त्यावर कसलेही बूट असोत, दगडाच्या मधोमध पाय न ठेवता दोन दगडांच्या सांध्यात ठेवावा. माणशी लिटरभर पाणी पुरतं.

खायचं मात्र नीट विचार करून न्यावं. चकलीच्या पुड्याचा कुरकुर आवाज माकडांना आपल्याआधी ऐकू येतो. कापडी पिशवीत डबा, डब्यात पोळीचा रोल, पिशवी सॅकच्या आत आणि सॅक पाठीवर, हातात नाही. तरीही एखादं समोर येऊन बसलंच तर डोळ्यांत रोखून बघू नये आणि दात दाखवून हसू नये. त्यांच्याकडे या दोन्ही गोष्टींचा अर्थ वेगळा होतो.

बाजार मागे पडला की झाडी मिटते. जांभूळ, हिरडा, अंजनी. मार्च-एप्रिलमध्ये अंजनीच्या फांद्यांना जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके लगडतात, आणि त्या सुमारास गेलेल्या माणसाला दुसरं काही बघितलं नाही तरी चालतं. शेकरू शोधायला मान वर करून हिंडू नये, मान दुखते. वाटेवर ताजी कुरतडलेली टरफलं टपटपताना दिसली की थांबावं आणि मगच वर बघावं. फाट्यावर चुकलात तर लीद बघा. घोडे बाजाराशी जोडलेल्या वाटांवरूनच फिरतात, त्यामुळे लीद दिसते तोवर हरवण्याची काळजी नाही. नुसता पाचोळा लागला की मागे फिरायचं.

आणि मग तलाव. थोडी निराशा होते, हे मान्य करून टाकू. निळंशार पाणी, कमळं, असलं काही नसतं. तो बांध घालून अडवलेला तलाव आहे आणि माथेरान त्याचं पाणी पितं. त्यामुळे पोहणं नाही, पाय धुणं नाही, आणि लाल मोजे खळाळून घेणं तर अजिबात नाही. मे महिन्यात कडेला भेगाळलेला गाळ उघडा पडतो. जुलैत पाणी बांधावरून ओसंडतं, धुकं इतकं उतरतं की तलाव नुसता ऐकायचा. काठी पिसारनाथाचं देऊळ आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली इथे चढून आला आणि माथेरानचा शोध लागला असं म्हणतात. डोंगरावरच्या ग्रामदैवताला हे कुणी कळवलं होतं की नाही, कोण जाणे.

तिथून इको पॉइंट जवळ आहे. प्रतिध्वनी हवा असेल तर सकाळी जावं, हवा स्थिर असते. दुपारनंतर कोकणातून वर येणारा वारा आवाज विस्कटून टाकतो. आणि शब्द आखूड हवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरचा कडा १७० मीटरवर असेल तर उत्तर एका सेकंदात परत येतं. ‘ज्ञानेश्वर’ म्हणून होईपर्यंत ‘ज्ञा’ परत आलेला असतो आणि सगळा काला होतो. ‘ए’ उत्तम. ‘आई’ त्याहून उत्तम, का ते सांगता येत नाही.

सूर्यास्त बघून परतणार असाल तर टॉर्च हवाच. कड्यावर उजेड असतो तेव्हा झाडीत अर्ध्या तासापूर्वीच रात्र झालेली असते. टॉर्चच्या झोतात एक गोष्ट दिवसापेक्षा जास्त स्पष्ट दिसते. वाटेच्या दोन्ही कडांना झाडांची मुळं हवेत लोंबतात. झाडं वर सरकलेली नाहीत, वाट खाली गेली आहे. टाप पडते, बूट पडतो, माती सुटी होते, आणि पहिल्या मोठ्या सरीत ती उतार धरून निघते. काही दरीत जाते, काही तलावात.

काही मोज्यांत. एका मोज्यात फार तर चिमूटभर. शनिवारी-रविवारी दस्तुरीला उभं राहून मोजे मोजायचे तर मात्र बोटं पुरायची नाहीत.