किटमधला कंट्रोल पास झाला, एवढ्यावर थांबू नये

दान केलेल्या रक्ताची प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासल्याशिवाय रुग्णाला देता येत नाही, हे आपल्याकडे कायद्यानेच बंधनकारक आहे. शिबिरात भेटणारे दाते या तपासण्या खरोखर होतात का, असे आवर्जून विचारतात. झालेली तपासणी बरोबर होती हे कशावरून ठरवता, असे मात्र क्वचितच कोणी विचारते. रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला खरा घोर असतो तो या दुसऱ्या प्रश्नाचा.

एलायझा या रंगावरून संसर्ग ओळखणाऱ्या पद्धतीत 96 वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटवर दात्यांच्या नमुन्यांबरोबर किटमधले पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यांचा निकाल आधीच माहीत आहे असे नमुने, लावतात. अखेरीस आम्ल घातल्यावर निळा रंग पिवळा होतो, रीडर त्याची तीव्रता मोजतो आणि कंट्रोल ठरलेल्या मर्यादेत आले की रन, म्हणजे त्या वेळची सगळी तपासणी, ग्राह्य धरली जाते. अडचण अशी की, किटमधला पॉझिटिव्ह कंट्रोल बहुधा चांगलाच तीव्र असतो. किट वाहतुकीत 2 ते 8 अंशांबाहेर राहिले असेल, इन्क्युबेटरचे तापमान 37 अंशांखाली घसरले असेल किंवा कॉन्जुगेट (रंग आणणारे विकरयुक्त द्रावण) क्षीण झाले असेल, तरीही हा कंट्रोल खुशाल पास होऊ शकतो. निसटतो तो ज्याच्या रक्तात प्रतिपिंडे नुकतीच तयार होऊ लागली आहेत असा दाता. म्हणूनच किटबाहेरचा, कटऑफच्या, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणाऱ्या सीमारेषेच्या, थोडाच वर येणारा वीक (क्षीण) पॉझिटिव्ह नमुना प्रत्येक रनमध्ये असावा, असा माझा आग्रह असतो, आणि खर्चाचे कारण सांगून तो टाळणे मला मुळीच पटत नाही.

या नमुन्याचे कटऑफशी असलेले गुणोत्तर लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर, म्हणजे कंट्रोलचे निकाल रनमागून रन टिपणाऱ्या आलेखावर, मांडायचे. निदान 20 रनवरून सरासरी आणि प्रमाण विचलन (निकाल सरासरीभोवती किती विखुरतात याचे माप) काढले की एखादा बिंदू 3 प्रमाण विचलनांपलीकडे गेला, किंवा लागोपाठचे 2 बिंदू एकाच बाजूला 2 प्रमाण विचलनांपलीकडे गेले, तर वेस्टगार्ड या गुणवत्ता नियंत्रणाच्या नियमांनुसार रन नाकारावी लागते. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती हळूहळू होणारी घसरण. समजा, गुणोत्तर 2.8 वरून 2.6, 2.5, 2.3 असे उतरत गेले. एकही बिंदू मर्यादा ओलांडत नाही, पण काहीतरी बिघडते आहे हे आलेख स्पष्ट सांगतो, अर्थात तो रोजच्या रोज कोणी पाहत असेल तरच. महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेला आलेख फक्त निरीक्षकांच्या उपयोगाचा असतो.

कंट्रोललाही मर्यादा आहेत. वॉशरची, म्हणजे प्लेट धुणाऱ्या यंत्राची, एखादी सुई तुंबली तर त्या ओळीत रंग फाजील चढतो आणि चांगल्या पिशव्या नाहक बाद होतात; हे निदान डोळ्यांना दिसते. याउलट, एखाद्या वेलमध्ये नमुनाच पडला नाही तर निकाल अगदी स्वच्छ निगेटिव्ह येतो आणि प्लेटवरचे सगळे कंट्रोल उत्तम असतात. काही किटमध्ये नमुना पडताच द्रवाचा रंग बदलतो. प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवण्यापूर्वी ती उजेडात धरून पाहण्याची सवय यासाठीच लावायची. विंडो पीरियडचा, म्हणजे संसर्ग होऊनही तपासणीत न दिसण्याच्या काळाचा, प्रश्न याहून वेगळा आहे; तिथे विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणारी नॅटसारखी तपासणी तो काळ कमी करते, पुरता संपवत नाही.

बाहेरून येणाऱ्या परीक्षेची, म्हणजे बाह्य गुणवत्ता मूल्यांकनाची, गोष्ट आणखी निराळी आहे. एचआयव्ही तपासणीच्या अशा मूल्यांकनात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेची (आताचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च) भूमिका प्रमुख राहिली आहे. असे पॅनेल, म्हणजे बाहेरून तपासायला पाठवलेला नमुन्यांचा संच, आले की ते सर्वांत अनुभवी तंत्रज्ञाकडे सोपवायचे, दोनदा लावायचे आणि मगच उत्तर कळवायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. त्यातून गुण पूर्ण मिळतात, परंतु रविवारच्या मोठ्या शिबिरानंतर रात्रपाळीत नवख्या तंत्रज्ञाने लावलेली प्लेट कशी होती, याचा पत्ता लागत नाही. माझ्या मते ते नमुने दात्यांच्या नमुन्यांतच मिसळून, ज्याची पाळी असेल त्याच्याच हातून, एकदाच तपासले जावेत. आणि उत्तर चुकलेच, तर तंत्रज्ञाला मेमो देण्याआधी पिपेटचे कॅलिब्रेशन, किटचा लॉट (उत्पादनाची तुकडी) आणि फ्रिजची तापमान नोंद या क्रमाने पाहावे.