युए ऑपेराचा नाद लागला

आज भाचा गेन्शिन इम्पॅक्ट हा व्हिडिओ गेम खेळत होता आणि त्यातली युन जिन नावाची पोरगी एकदम ताना घ्यायला लागली, तर मी हातातलं काम सोडून बघतच बसले! तो म्हणाला मावशी हे चायनीज ऑपेराचं गाणं आहे, आणि खरंच ते शांघायच्या पेकिंग ऑपेरा मंडळीतल्या यांग यांगने गायलंय, २०२२ च्या जानेवारीत आलं आणि जगभरातल्या पोरांनी ऐकलं.

मग दुपारभर यूट्यूब. त्यात सापडला युए ऑपेरा, चायनीज ऑपेराचाच आणखी एक प्रकार, मूळ झेजियांग प्रांतातला, आणि यात पुरुषांची कामंसुद्धा बहुतेक बायकाच करतात. म्हणजे आपल्याकडे बालगंधर्व स्त्री व्हायचे त्याच्या बरोब्बर उलट. २०२३ मध्ये त्याच प्रांतातल्या हांगझोऊ शहरात 'न्यू ड्रॅगन गेट इन' हे युए ऑपेराचं नाटक आलं, त्यात थिएटरचीच सराय केलीय, प्रेक्षक सरायीत बसल्यासारखे आणि नट अगदी जवळून जातात. त्यातली चेन लीजुन, पुरुष भूमिका करणारी, तिने सहनटीला उचलून गरकन फिरवलं ती क्लिप इतकी व्हायरल झाली की कधी ऑपेरा न बघणारी तरुण पोरं तिकिटांच्या मागे लागली.

मला सगळ्यात आवडलं काय तर गाणं, लांब बाह्यांची फेक, चाल हे मुळातलंच आहे, बदललीय ती जागा आणि पोचवायची पद्धत. गेममध्येही तालमीत तयार झालेला खरा गळाच घेतला ना. आपल्या संगीत नाटकावर असं कोणी काम करत असेल तर प्लीज कमेंटमध्ये सांगा, मी तिकीट काढून येईन.