समुद्रच हवा होता तर आपला काय वाईट होता?

कोकणात आमच्या गावी, आचऱ्याला गेले की हमखास कोणीतरी विचारतं, "समुद्राकाठीच राहायचं होतं तर आपला समुद्र काय वाईट होता?" इथे आयर्लंडमध्ये आर्डमोरला येणारे पुण्या-मुंबईचे पाहुणेही तेच विचारतात. बारा वर्षं वेळ मारून नेली. आता तुम्ही विचारलंतच म्हणून सांगते.

समुद्रासाठी मी आयर्लंडला आले नाही. वॉटरफर्ड काउंटीत वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नोकरी लागली आणि परवडणारी खोली या गावात मिळाली. मुख्य रस्ता एकच. वर बाराव्या शतकातला ३० मीटर उंच गोल मनोरा, खाली पुळण. कड्याखाली १९८७ च्या डिसेंबरातल्या वादळात आपटलेला 'सॅमसन' नावाचा क्रेनचा तराफा अजून गंजतोय. दोन वर्षं काढायची, पैसे साठवायचे आणि परतायचं, असं तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे. खोटं बोलत नव्हते.

मग एप्रिल २०२० मध्ये बाबा गेले. विमानं बंद होती म्हणून जाता आलं नाही, असं मी सांगते, आणि ते खरंच आहे. पण फेब्रुवारीत माझी रजा मंजूर होती. ती मीच पुढे ढकलली, घराच्या डिपॉझिटसाठी जादा पाळ्या करायला. हे भावालाही अजून सांगितलेलं नाही.

घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायला तेव्हा मनाई होती. ती जाहीर करणारे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं गाव वराड, आमच्याच मालवण तालुक्यातलं. दहाव्याला तिकडे सकाळचे दहा, इकडे साडेपाच. घरमालकांची झोप मोडू नये म्हणून फोन घेऊन मी कड्यावरच्या सेंट डेक्लनच्या विहिरीपाशी गेले. तिथल्या दगडांवर यात्रेकरूंनी खड्याने गिरवून गिरवून खोल केलेले क्रूस आहेत. एकावर हात ठेवून बसले होते. फोनमध्ये आमचं परसू, केळीच्या पानावर पिंड, आणि चार माणसं. अर्धा तास झाला, पाऊण झाला, कावळा शिवेना. इथे कपारीतले काळे पक्षी डोक्यावर नुसता कालवा करत होते आणि तिथे एक कावळा उतरत नव्हता. आईला सांभाळीन म्हणून भावाने सांगून झालं. काकांनी जमिनीचं सांगितलं. शेवटी भाऊ फोन तोंडाजवळ धरून म्हणाला, "ताई, तू कायतरी बोल."

मी म्हणाले, "बाबा, मी परत येईन. कायमची."

कावळा शिवला.

योगायोग असेल. नर्स आहे मी, मला कळतं. तरी त्या क्षणी फोन छातीशी धरून मी रडले, ते सुटल्यासारखं रडले.

तेव्हापासून तीनदा जाऊन आले, दर वेळी तीन आठवडे. का राहिले याचं एक उत्तर माझ्याकडे नाही. शेजारची म्हातारी त्या दिवशी फाटकावर सोडा ब्रेड ठेवून लांब उभी राहिली आणि तिने बाबांचं नाव विचारलं. नोव्हेंबरात इथे घरातल्या मृतांची नावं कागदावर लिहून, पाकिटात घालून चर्चमध्ये देतात. त्या कागदावर ती स्वतःच्या नवऱ्याखाली बाबांचं नाव लिहिते. स्पेलिंग दर वर्षी विचारते, आणि मी दर वर्षी अक्षर अक्षर सांगते. आचऱ्यात त्यांचं नाव घेणारी माणसं आहेतच. इथे ती एकटी आहे. हे कारण पुरेसं आहे का? आईच्या गुडघ्यांकडे बघितलं की वाटतं, नाही.

गेल्या खेपेला सामान बांधताना भाऊ म्हणाला, "ताई, तू कावळ्याक फसयलंस." मी फसवलं नाही. बोलले तेव्हा मनापासून बोलले होते. पण हे त्याला तोंडावर सांगायला मला जमलं नाही, आणि गाडी आली.