तुम्ही विचारलंत म्हणून: घोटभर पाण्यानं काय होतंय, सिस्टर?

रात्रपाळीत हा प्रश्न ऐकला नाही असं क्वचितच होतं. कधी विनवणी असते, कधी दरडावणी, कधी 'तुमच्या घरचं माणूस असतं तर?' हे शेपूट लावून. पेशंटच्या नातेवाइकांचं सोडा, ओळखीपाळखीचे लोकही गाठून विचारतात, आमच्या वडिलांना तुमच्या लोकांनी पाण्यावाचून का ठेवलं होतं? 'तुमचे लोक' म्हणजे युनिफॉर्ममधलं जे कुणी असेल ते. दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून सुटका करून घेते. आज नाही घेत.

आधी हे समजून घ्या की 'पाणी बंद' हा एकच हुकूम नसतो. बाहेरून सगळे सारखे दिसतात, एवढंच. एकाचं आतडं अडकलंय, नाकातून रायल्स ट्यूब घातलीय, पिशवीत हिरवट पाणी उतरतंय. त्यानं प्यायलेलं पाणी पुढे जायला वाटच नाही, ते उलटून फुफ्फुसात जाण्याची भीती. दुसऱ्याला रक्ताची उलटी झालीय, एंडोस्कोपी व्हायचीय, पोट रिकामं हवं. तिसरा ऑपरेशनला जाणार, भुलीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल. या तिघांना सलाईन चालू असतं. शरीराला पाणी मिळत असतं, जिभेला मिळत नाही. चौथा हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय दुबळं झालेला. त्याचं पाणी बंद नसतंच, मोजून दिलेलं असतं, आणि माझी खरी भांडणं होतात ती याच्याच पायी.

याच्या अंगात पाणी कमी नाही, जास्त झालेलं आहे. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. आडवं झालं की धाप लागते. तरी तहान अशी की बोलताना जीभ टाळूला चिकटते. कारण हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं. मूत्रपिंडाला वाटतं, अंगातलं पाणीच आटलं. ते रेनिन नावाचं रसायन सोडतं, त्यातून अँजिओटेन्सिन हे दुसरं रसायन तयार होतं आणि मेंदूला निरोप जातो की पाणी हवंय. वरून लॅसिक्सचं औषध लघवीवाटे पाणी काढत असतं, ऑक्सिजननं तोंड कोरडं पडतं. म्हणजे तहान खरीच असते, ढोंग नसतं. 'सवय होईल' असं मी कुणाला सांगत नाही, कारण सवय होत नाही.

(असाच दुसरा प्रश्न म्हणजे 'पाय का चोळू देत नाही?' पोटरीच्या खोल शिरेत गुठळी असेल तर चोळल्यानं ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला गरम पिशवीही लावू देत नाही, कारण त्या पायाला चटका नीट कळत नाही आणि जखम भरत नाही. हे सांगितलं की लोक लगेच हात मागे घेतात. पाण्याच्या बाबतीत मात्र कुणी ऐकत नाही.)

आता एका पेशंटच्या बायकोबद्दल, काकूंबद्दल. काकांचं हृदय बरीच वर्षं दुबळं होतं, वॉर्डात त्यांना सगळे ओळखत. दिवसाला दीड लिटर, त्यात चहा, गोळ्यांबरोबरचं पाणी, सगळं धरून. काकू वहीत लिहून ठेवायच्या, आमच्या पाणी-लघवीच्या चार्टपेक्षा त्यांचं अक्षर चांगलं. पण सकाळचं वजन जुळेना. आम्ही वजन रोज एकाच काट्यावर, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी घेतो, कारण हार्ट फेल्युअरमध्ये रातोरात वाढलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी. चार्टवर काका आटत चालले होते आणि काट्यावर फुगत चालले होते. मी काटा तपासला, पुन्हा वजन केलं, डॉक्टरांना कळवलं, इंजेक्शनचा डोस वाढला. मग काकूंना विचारलं. 'नाही हो सिस्टर, मोजूनच देते,' म्हणाल्या आणि पिशवीची चेन ओढून घेतली. मी समजले. चेन उघडून बघायला मी काही पोलीस नाही.

त्या पहाटे काका पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेले सापडले. दोन्ही हातांनी रेलिंग घट्ट धरलेलं, एक शब्द पुरा होईना, रुमालाला गुलाबी फेस, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, घसरतंय. मग जे व्हायचं ते झालं. दाबानं हवा देणारा बायपॅपचा मास्क, लॅसिक्स शिरेतून, नायट्रोग्लिसरीनची ड्रिप, लघवीसाठी कॅथेटर. चादर ओढली तेव्हा पायथ्याकडून एक अर्धी बाटली घरंगळत मॉनिटरच्या ट्रॉलीखाली गेली. पाहिलं बहुतेक मी एकटीनंच.

तासाभरात युरीन बॅग भरत आली, श्वास खाली बसला. मी बाहेर आले तर काकू भिंतीला टेकून उभ्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, 'मी पाणी देत होते. त्यानंच झालं का?'

मी म्हटलं, 'नाही, काकू.'

हे खोटं होतं का? त्या पहाटे मॉनिटरवर ठोके भरभर आणि वेडेवाकडे पडत होते. एट्रियल फिब्रिलेशन. नुसत्या त्यानंसुद्धा फुफ्फुसात पाणी भरू शकतं. घरून आलेल्या डब्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं, त्याचा हिशेब कोण ठेवतंय? आणि बाटली होतीच. यातलं कोणतं किती, हे मला कुणी सांगितलं तर मी ऐकायला तयार आहे. माझ्या बरोबरीच्या सिस्टरनं मला चांगलंच झापलं. तिचं म्हणणं, हो म्हणायला हवं होतंस, घरी गेल्यावर त्या पुन्हा देतील. नोकरीला नवीन असतानाची मी असते तर ट्रॉलीखालची बाटली काढून काकूंसमोर धरली असती. तेव्हा मला वाटायचं, नियम मोडणाऱ्याला त्याचा परिणाम दाखवला की झालं. त्या मुलीशी मी अजून मनातल्या मनात वाद घालते आणि दर वेळी जिंकतेच असं नाही.

कारण पुढे काय झालं ते ऐका. काका बरे होऊन घरी गेले. काही आठवड्यांनी ओपीडीत आले ते चक्कर येते म्हणून. जीभ कोरडी, उभं केलं की बीपी खाली, मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं. काकूंनी अभिमानानं वही पुढे केली. दिवसाला अर्धा लिटर, त्यावर थेंब नाही. डॉक्टरांनी लॅसिक्स कमी केलं आणि पाणी वाढवायला सांगितलं. काकू डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. माझं 'नाही' त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. की पोचलं होतं आणि पटलं नव्हतं?

वर आता शास्त्रही आमची बाजू धड घेत नाही. 2025 मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास आला, फ्रेश-अप नावाचा. हार्ट फेल्युअरचे 504 पेशंट, काहींना दीड लिटरची मर्यादा, बाकीच्यांना हवं तेवढं पाणी. तीन महिन्यांनी तब्येतीत म्हणावा असा फरक नाही, मर्यादेतल्यांना तहानेचा त्रास मात्र जास्त. तुम्ही हे वाचून माझ्या तोंडावर माराल, म्हणून आधीच सांगते. ते सगळे घरी असलेले, स्थिर पेशंट होते. पहाटे गुलाबी फेस काढणारा त्यात नव्हता. पण घरी जाणाऱ्या कित्येकांना 'दीड लिटर, लक्षात ठेवा' असं मीच बजावून पाठवलंय, तेही खरं. स्वादुपिंडाच्या सुजेत पूर्वी दिवसेंदिवस तोंडानं काही द्यायचो नाही. आता झेपत असेल तर पहिल्या 24 तासांतच खायला सुरू करा म्हणतात. ऑपरेशनआधी साधं पाणी दोन तासांपर्यंत चालतं, तरी दुपारच्या केसला मध्यरात्रीपासून कोरडं ठेवायची रीत अजून सुटलेली नाही. तिथे तुमचा राग रास्त आहे. मी ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, फोन करून नंबर कितवा ते विचारते, कधी उत्तर मिळतं, कधी 'तुम्हाला काय घाई' हे ऐकावं लागतं.

तर घोटभर पाण्यानं काय होतं? बहुतेकांना काही होत नाही. ज्याला होतं तो कोणता, हे त्या रात्री मला ओळखता येत नाही, आणि तुम्हालाही येत नाही.

हातात असतं तेवढं करते. मोठ्या ग्लासाऐवजी छोटा कप. चूळ भरून थुंकायला पाणी. ओठांना ओला गॉज. ज्याचं तोंडानं पूर्ण बंद नाही त्याला बर्फाचा खडा, तोही हिशेबात धरून, कारण वितळला की साधारण निम्मं पाणी होतं. आणि उशाशी बाटली दिसली तर हिसकावत नाही, किती प्यायलं ते विचारते आणि तेवढं चार्टवर चढवते. राऊंडला त्यावरून बोलणी बसतात, सिस्टर, तुम्ही लाड करता. असतील लाड. वजन आणि चार्ट आता पूर्वीपेक्षा जास्त वेळा जुळतात.