आफ्टरग्लो विझत होता आणि मी फॉर्म भरत बसलो होतो (माझा अनुभव)

गॅमा किरणांचे स्फोट टिपणाऱ्या स्विफ्ट उपग्रहाचा अलर्ट रात्री 9:10 ला आला. अशा स्फोटानंतर मागे उरणारा, विझत जाणारा उजेड म्हणजे आफ्टरग्लो, तो मला पकडायचा होता. स्फोट दोन सेकंदांपेक्षा बराच लांब चालला होता, म्हणजे बहुतेक एखादा अवजड तारा कोसळला असणार. थोड्याच वेळात स्विफ्टच्याच एक्सरे टेलिस्कोपवरून जागापण आली, पाच आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) वर्तुळात. म्हटलं चला, आज पटकन होतंय.

कसलं पटकन! फोटो घ्यायच्या टेलिस्कोपवर दुसऱ्याचा वेळ चालू होता, मधेच घुसायचं तर टार्गेट ऑफ ऑपॉर्च्युनिटीचा, म्हणजे तातडीच्या निरीक्षणाचा फॉर्म, तो मंजूर झाल्याशिवाय कोणी आरसा हलवत नाही. नियम मान्य आहे, पण फॉर्म ज्याने बनवला त्याने आयुष्यात आफ्टरग्लो बघितला नसणार. विषुवांश (आकाशातलं रेखांशासारखं माप) अंशांत टाकला तर नुसतं लाल 'अवैध', का ते नाही. वीस मिनिटं मी क्रांतीचं (अक्षांशासारखं दुसरं माप) अधिक-उणे चिन्ह तपासत बसलो, मग कळलं की विषुवांश तास-मिनिट-सेकंदात हवाय, म्हणजे 15 ने भागून. मग फाइंडिंग चार्ट, म्हणजे जागा दाखवणारा आकाशाचा नकाशा, तो 2 एमबीच्या आत. माझा 2.3. शेवटी 'हे निरीक्षण पुढच्या आठवड्यात का चालणार नाही ते सविस्तर लिहा'. अहो, पुढच्या आठवड्यात तिथे काही उरणारच नाही! तसं लिहिलं नाही म्हणा, दोन परिच्छेद गोडीत लिहिले. सबमिट केलं आणि 'विचाराधीन'. अकरा वाजले, बारा, दीड. दर पाच मिनिटांनी रिफ्रेश. मंजुरी देणारे झोपले होते, फोन लावला तर बंद.

मंजुरी आली पावणेतीनला. नंतरचं सोपं होतं, पाच-पाच मिनिटांची एक्सपोजर, बेरीज, पॅन-स्टार्स या आकाश सर्वेक्षणातला त्याच जागेचा जुना फोटो वजा केला आणि वर्तुळाच्या कडेला एक पुसट ठिपका उरला. आर बँडमध्ये, म्हणजे लाल फिल्टरमधून, तेजस्विता 21.1 मॅग्निट्यूड (आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद). खुर्चीतून उठून उड्या मारल्या, खोटं कशाला बोलू.

पण आनंद तासभरच टिकला. दुसऱ्या एका ग्रुपचं जीसीएन सर्क्युलर (अशा स्फोटांची निरीक्षणं जगभर कळवणारी सूचना) आधीच येऊन पडलं होतं, त्यांना स्फोटानंतर 40 मिनिटांवर 18.6 मिळालेला. माझा फोटो 400 मिनिटांवरचा. वेळ दहापट, उजेड एक दशांश, म्हणजे साधारण वेळेच्या व्यस्त प्रमाणात विझत होता. त्या फॉर्मची किंमत अडीच मॅग्निट्यूड! आणि आकाशाचाच उजेड वरचढ असला की दहापट मंद वस्तूला तेवढ्याच दर्जासाठी शंभरपट एक्सपोजर लागतं, त्यामुळे स्पेक्ट्रम (उजेडाची रंगवार विभागणी) गेला, त्यावरून अंतर सांगणारा रेडशिफ्टही गेला.

हो, एक राहिलंच, एका फोटोवर आफ्टरग्लो म्हणून जाहीर करू नका. लघुग्रह आहे का बघा आणि दुसऱ्या रात्री परत फोटो घ्या, ठिपका मंदावला तरच खरा. 28 फेब्रुवारी 1997 च्या स्फोटाचा आफ्टरग्लो, दृश्य प्रकाशातला पहिलाच, तोही असाच सापडला, त्या रात्रीचा आणि 8 मार्चचा फोटो शेजारी ठेवून. आणि फॉर्मचा मजकूर, चार्टची साइज सगळं आधीच तयार ठेवा, रात्री फक्त आकडे टाका.

आता दोनेक आठवड्यांनी तिथे सुपरनोव्हाचा (ताऱ्याच्या स्फोटाचा) फुगवटा, म्हणजे विझत्या उजेडात पुन्हा वाढ, दिसतो का बघायचंय, दिसला तर तारा कोसळल्याचा पुरावाच. 2003 च्या 29 मार्चच्या स्फोटामागे तसा स्पष्ट सापडला होता. त्याचा फॉर्म मी आजच भरून टाकलाय. विचाराधीन आहे.