तिसऱ्या रहस्याची चित्रं

सोमवार, रात्री साडेदहा

आज रोजरीत, म्हणजे आमच्या जपमाळेच्या प्रार्थनेत, आनंदाची रहस्यं होती: येशूच्या जन्माच्या आणि बालपणाच्या पाच प्रसंगांवर मनन करत एकेकाला दहा मणी म्हणायचे. ती नुकतीच संपली. आई झोपली आहे आणि मला झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

खरं सांगायचं तर तिसरं, येशूच्या जन्माचं रहस्य माझ्या हातून नेहमी घाईत उरकलं जायचं. देवदूताचा निरोप, अलीशिबेची भेट, मंदिरातलं समर्पण, हरवलेला बारा वर्षांचा मुलगा सापडणं, या सगळ्यांवर मन थोडं तरी थांबायचं. जन्माचं मात्र सगळं पाठ होतं. गोठा, गव्हाण, मेंढपाळ. तीन-चार मिनिटांत बोटं दहा मणी मोजून मोकळी व्हायची आणि मन उद्याच्या कामांत असायचं.

आईची नजर वर्षभरात फार उतरली. आता ती माणसं आवाजावरून ओळखते. पूर्वी प्रार्थनेला बसली की पवित्र चित्र समोर ठेवून त्याकडे बघत राहायची. ते सुटल्यापासून तिची रोजरी कोरडी पडली, असं एकदा तीच म्हणाली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ च्या रोजरीवरच्या पत्रात, ज्यात प्रकाशाची रहस्यं हा नवा संच आला, असंही सुचवलंय की रहस्य जाहीर करताना त्याचं चित्र समोर असावं. ते आठवलं आणि म्हटलं, आई, मी चित्र बघून सांगते, तू ऐक. महिना होत आला त्याला.

पहिल्यांदा इटालियन चित्रकार जॉत्तोचं चित्र शोधून काढलं. इटलीत पादुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपलच्या भिंतीवर त्याने १३०५ च्या सुमारास रंगवलेलं. मी सांगितलं, मरिया आडवी आहे, कुशीवर वळून बाळाला दोन्ही हातांनी धरतेय. अंगावरच्या वस्त्राचा निळा रंग बराचसा झडून गेलाय. आईने लगेच विचारलं, "आणि योसेफ?" मी बघितलं. तो खाली बसलाय, डोळे मिटलेले. आई म्हणाली, "दमला असेल. एवढा प्रवास करून आलेला." मग तिनेच नमो मरिया, दर मण्याला म्हणायची प्रार्थना, सुरू केली. इतक्या वर्षांत तिसऱ्या रहस्यात योसेफ माझ्या मनात कधी आलाच नव्हता. त्या दिवशी दहाही मणी त्याच्यासाठी म्हटले.

आज चित्रकार ह्युगो वान डर गूसचं मोठं वेदीचित्र होतं, म्हणजे चर्चच्या वेदीसाठी काढलेलं, १४७५ च्या आसपासचं, फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयातलं. मोबाइलवर बोटांनी मोठं करत करत सांगत होते. बाळ उघडं आहे आणि थेट जमिनीवर ठेवलंय.

"खाली काही अंथरलेलं नाही?"

"नाही. गवतही नाही."

"गव्हाण?"

"गव्हाणीत नाही, आई. मोकळ्या जागेत एकटंच आहे. सगळे त्याच्याभोवती गोल करून आहेत, पण लांब."

"मग कुणी उचलत का नाही त्याला?" तिच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. पाच पोरांना वाढवलेल्या बाईची काळजी. मला उत्तर देता येईना. मी चित्रात शोधत राहिले आणि बाळाच्या अलीकडे, अगदी पुढे, आडवी ठेवलेली गव्हाची पेंढी दिसली. बाळ जसं जमिनीवर पडलंय, तशीच तीही. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, हे आईनेच मला लहानपणी शिकवलं होतं. पेंढीचं सांगितलं तशी ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे वेदीवर ठेवलंय त्याला." एवढंच. कितीतरी मिस्सांमध्ये, चर्चमधल्या उपासनेत, वेदीवर ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर उचललेली मी पाहिली आहे, पण जन्माच्या रहस्यात ती भाकर मला कधी दिसली नव्हती. आणि जिला समोरचं चित्रही दिसत नाही तिला ती दिसली.

गेल्या आठवड्यातलं एक राहिलंच लिहायचं. जॉर्ज द ला तूर या सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराचं नवजात बाळ, रेन शहराच्या संग्रहालयातलं. त्यात ना देवदूत, ना डोक्यामागे तेजोवलय. दोन बायका आणि एक बाळ. एकीने मेणबत्तीपुढे हात धरलाय, त्यामुळे ज्योत दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. बाळ कापडात घट्ट गुंडाळलेलं, हात आत, चेहरा तेवढा उघडा, डोळे मिटलेले. हे सगळं सांगून होईपर्यंत आईने मणी धरलेला हात मांडीवर ठेवला होता. "थडग्यात ठेवतानाही त्याला असंच कापडात गुंडाळलं होतं," ती म्हणाली. पूर्वेकडच्या चर्चच्या जुन्या आयकॉनमध्ये, म्हणजे पवित्र चित्रांमध्ये, तर गव्हाण दगडी शवपेटीसारखीच काढतात, हे मी वाचलं होतं. तिला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्यानंतर नमो मरिया म्हणताना "उदरीचे फळ" आणि "आमच्या मरणाच्या वेळी" हे शब्द एकाच श्वासात येतात, हे पहिल्यांदा नीट ऐकू आलं. आई दोन्ही शब्द स्पष्ट म्हणते. दुसरे म्हणताना आवाज जराही खाली जात नाही. माझा जातो.

शुभवर्तमानात लूकने लिहिलंय की मरियेने या सर्व गोष्टी मनात ठेवून त्यांचं मनन केलं. तिच्याही समोर चित्र नव्हतंच.

उद्या मंगळवार, दुःखाची रहस्यं. झोपताना आईने बजावलंय की शनिवारी, आनंदाची रहस्यं पुन्हा येतील तेव्हा, नवं चित्र काढायचं नाही, आजचंच पुन्हा घ्यायचं. त्यातला तिसरा मेंढपाळ, जो मागून वाकून, तोंड किंचित उघडं ठेवून बघतोय, त्याचे हात कसे आहेत ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. आत्ता पुन्हा मोठं करून बघितले. काळवंडलेले, राबलेले हात आहेत. शनिवारी पहिल्या मण्यालाच सांगेन.